नाथसागरावरची एक होडी

दिवाळीच्या सुटीत लोक आजोळी जातात. माझे आजोळ अशा ठिकाणी आहे की तेथे जावयाचे तर एसटी पुरत नाही, होडी लागते. आणि होडीतून गेल्यावरही उतरावयाची सोय नाही. पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागराच्या पोटात ते गाव निजलेले आहे. माझा जन्म व्हायच्या आधीच ते पाण्याखाली गेले, म्हणून मी ते पाहिले आहे ते केवळ आईच्या बोलण्यातून.

प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेची परीक्षा दिली आणि खडू हाती धरला. पुढे दोन-चार कादंबऱ्या माझ्या नावावर लागल्या खऱ्या, पण इतिहासाची पदवी मजपाशी नाही. तेव्हा वाचकांनी या लेखात पांडित्य शोधू नये. गेल्या वर्षी एक होडी तयार होताना मी पाहिली आणि तिच्या निमित्ताने जे काही वाचले, ऐकले ते सांगणार आहे.

होडीची कथा शाळेच्या हजेरीपटापासून सुरू होते. आठवीतला एक मुलगा श्रावणात सलग आठ दिवस आला नाही. चौकशीला गेलो तर बाप खाटेवर पडलेला. थर्माकोलच्या तुकड्यांवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा, दोरीने आवळायचे आणि त्यावर उकिडवे बसून हातातल्या फळकुटाने पाणी मारीत जायचे, हे आमच्याकडच्या गरीब मासेमाराचे जहाज. वारा उठला, तराफा कलंडला. पोहत पोहत बाप एका बुडीत बाभळीच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिला मिठी मारून दोन तास राहिला. दुसऱ्या होडीवाल्याने त्याला उचलले. जाळे गेले, तराफा गेला, माणूस वाचला.

त्या घरातले आजोबा, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणते, मला म्हणाले, "गुर्जी, नदीचं पाणी वाहतं, तवा माणसाला काठाला तरी लावतं. हे धरणाचं पाणी कुठंच जात न्हाई. ते माणसाला ठिवून घेतं."

आबांच्या या एका वाक्यात साऱ्या प्रकरणाचा इतिहास आला, असे मला वाटते. भोई हा मूळचा नदीवरचा माणूस. रस्त्यावर पालखी-मेणे वाहावयाचे आणि नदीवर मासे धरावयाचे, असे त्याचे दुहेरी काम. गोदावरी पावसाळ्याचे चार महिने सोडले तर उथळ. डोहात गळ टाकावा, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फेकजाळे भिरकवावे, यासाठी होडी लागतच नसे. पार जावयाचे झाले तर वाळलेले भोपळे किंवा पालथ्या घागरी एकत्र बांधून केलेली सांगड पुरे होई.

पुराच्या दिवसांत मोठी गरज पडली तर टोपलीसारख्या गोल नावा विणीत. वर जनावराचे कातडे मढवीत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन निघालेल्या वेलस्लीपुढे भरलेली गोदावरी आडवी आली, तेव्हा त्याच्या फौजेने असल्याच नावांतून ती ओलांडली. पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ती आपण शाळेत पाठ करतो. नावा विणणाऱ्यांची आठवण मात्र कोणी ठेवीत नाही.

तसे पाहिले तर आमच्या भागाला नावेचे वावडे नव्हते. पैठणहून राज्य करणाऱ्या सातवाहनांपैकी वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या नाण्यांवर चक्क जहाज आहे. ही नाणी मात्र सापडतात ती पूर्व किनाऱ्यावर. खुद्द पैठणचा माल भडोचच्या बंदराकडे जाई तो गाड्यांवर लादून. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदले आहे. म्हणजे जहाज नाण्यावर आणि बैल रस्त्यावर, असा तो मामला होता.

दुसरे जहाज अजिंठ्याचे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक गलबत रंगविले आहे. पाचव्या शतकातले. नाळेवर डोळा काढलेला, मागच्या बाजूस ओळीने मांडलेले रांजण. हे चित्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. आबांना त्याची छापील प्रत दाखविली, तेव्हा त्यांनी शिडांकडे पाहिलेसुद्धा नाही.

"ह्या रांजणात काय?"

"पाणी असेल. पिण्याचे."

"पान्यात जाऊन पानी संगं न्यायचं?"

समुद्राचे पाणी पिता येत नाही, हे मी समजावून सांगितले. आबा बराच वेळ हसत राहिले. "मंग त्या पान्याचा उपेग काय?" असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर सुचेना.

आता मुख्य गोष्ट. जायकवाडीच्या धरणाचा पाया लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी घातला गेला आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरली होती. धरण सरकून पैठणला आले, नाव मात्र तेच राहिले. बांध सुमारे १० किलोमीटर लांब, दरवाजे २७, पाणी मावते सुमारे १०२ टीएमसी. पाण्याखाली गेलेली जमीन सुमारे ३५,००० हेक्टर, आणि ती बहुतेक गोदाकाठची काळी. १५९९ मध्ये नाथांनी याच गोदेत देह ठेवला, म्हणून जलाशयाला नाथसागर म्हणतात. आज छत्रपती संभाजीनगरात नळाला जे पाणी येते ते येथलेच. शहरातला माणूस रोज सकाळी माझ्या आजोळावरचे पाणी पितो, हे त्याच्या गावीही नसते.

पण पैठणच्या भोयांपुढे १९७६ नंतर जो प्रश्न उभा राहिला तो वेगळाच होता. कमरेएवढ्या पाण्याचा माणूस एकाएकी समुद्राच्या काठी आला. फेकजाळे काठावरच चालते. मासा मध्यावर गेला. जलाशय पसरट आणि तसा उथळ, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उंच उठतात. भोपळ्याची सांगड तेथे काय पुरणार? मासाही बदलला. मरळ, शिवडा, वाम हे नदीचे जुने रहिवासी होतेच. त्यांच्या जोडीला रोहू, कटला, मृगळ यांचे बीज आणून सोडावयास लागले. हे बीज हवे तितके मिळू लागले त्यामागे ओडिशातला एक उद्योग आहे. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी माशांना पियुष ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून त्यांना साठवणीच्या पाण्यात अंडी घालावयास लावले. त्याआधी हे बीज पुरातल्या नदीतून गाळून आणावे लागे. आमच्या तळ्यातला कटला त्या सुईचा ऋणी आहे. चिलापी मात्र कोणाचीच ऋणी नाही. ती आली आणि पसरली.

असो. होडी करावयाची ठरली. लाकडाची की पत्र्याची, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. लाकूड महाग आणि सुतार होडीचा नाही. शेवटी पत्रा ठरला. पैठण रस्त्यावर जो वेल्डर ट्रॉल्या आणि वखरांची पाती जोडून देतो, त्याच्याकडेच काम दिले. नऊ हात लांब, अडीच हात रुंद, तळ सपाट. सपाट तळाची होडी लाटेवर आपटते, पण काठाच्या चिखलात रुतत नाही आणि जाळे ओढताना एका बाजूला दोन माणसे वाकली तरी चटकन उलथत नाही. समुद्रावरच्या नावेला खोल कणा हवा. येथे कणा असता तर पहिल्याच बुडीत बांधाला अडकला असता.

पत्र्याचा एक दोष असा की लाकूड पाण्याने भरले तरी तरंगते, पत्रा भरला की तळ गाठतो. वेल्डरला हे ठाऊक नव्हते, त्याने कधी ट्रॉली पाण्यात सोडली नव्हती. आबांनी दोन्ही टोकांना बसावयाच्या फळीखाली प्लॅस्टिकचे रिकामे कॅन, बुचे घट्ट लावून, पट्ट्यांनी जखडून घेतले. मी म्हणालो, "आबा, ही तर भोपळ्याची सांगडच झाली." ते म्हणाले, "हवा तीच हाय. भोपळा बदलला."

सांधे डांबराने भरले. दोन दिवस होडी उपडी ठेवून आतून दिवा लावला आणि बाहेरून कोठे उजेड दिसतो ते पाहिले. तीन ठिकाणी दिसला. पुन्हा वेल्डर. वल्ही निंबाच्या लाकडाची केली. जड झाली, पण सरळ. पाणी उपसावयाला तेलाचा डबा तिरका कापला. वीस वाव दोरी घेतली. मुलाच्या आईने हट्टाने दोन तरंगती जाकिटे आणविली. आबांनी त्यांवर तोंडसुख घेतले आणि पहिल्या दिवशी स्वतःच एक अंगात घातले.

जाळ्याचे आबांनी पुष्कळ सांगितले. त्यांच्या लहानपणी जाळे सुताचे असे. झाडाच्या सालीच्या काढ्यात ते बुडवून रंगवीत, नाही तर कुजे. रोज वाळवावे लागे. वर तरंगावयाला पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचे तुकडे आणि खाली भाजलेल्या मातीचे मणी. नायलॉन आले आणि वाळवण्याची कटकट संपली. आता तंगुसाचे जाळे पाण्यात माशालाही दिसत नाही. नव्या जाळ्याला तरंगावयास आम्ही जुन्या रबरी चपलांचे तुकडे लावले. निम्म्या चपला माझ्या घरच्या. आसाचा प्रश्न निघाला तेव्हा बाप बारीक आसाचे जाळे मागत होता. आबांनी चार बोटे दाखविली. "ह्याच्या आतलं पोरगं हाय, त्याला जाऊ द्या." मी मास्तर असूनही इतके थोडक्यात कधी शिकविलेले नाही.

राहिला नांगर. आपल्या भाषेची मौज अशी की जमीन फाडणाऱ्या औताला आणि होडी धरून ठेवणाऱ्या लोखंडाला तिने एकच शब्द ठेविला. दोराला दगड बांधावा असे ठरत होते. मला आमच्या मामांच्या पुनर्वसनातल्या घराची आठवण झाली. तेथे परसात आजोबांचा लोखंडी नांगर पडला आहे. किर्लोस्करांनी १९०३ मध्ये पहिला लोखंडी नांगर केला. पुढे तो गावोगाव पोहोचला, तसा आमच्याकडेही आला. उठताना आजोबांनी दारे-चौकटी विकल्या, नांगर विकला नाही. मोबदल्यात मिळालेल्या माळावर तो चालेना, म्हणून पडून राहिला. मामांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले, मग स्वतःच पाना घेऊन फाळ सोडवू लागले. आई म्हणाली, "न्या. गंजून तरी काय करणार."

खंडेनवमीला वल्ही, जाळे आणि तो फाळ यांची पूजा झाली. नाळेवर नाव व नंबर घालण्याचे काम माझ्याकडे होते. मी अजिंठ्याच्या गलबताचे स्मरण करून दोन्ही बाजूंना एकेक डोळाही काढला. मुलाने विचारले, "सर, पापण्या का नाहीत?" तेव्हा पापण्या काढल्या.

दसऱ्याला होडी पाण्यात लोटली. आबा, बाप आणि मी. बाहेरून ती सुंदर दिसत होती आणि आतून किंचित झिरपत होती. तेलाचा डबा माझ्याकडे होता. मध्यावर गेल्यावर आबा एकेक जागा सांगू लागले: ही विहीर, येथे जाळे फाटते, ही आमराईची खोडे, येथून पुढे पांदण. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणातला उपयुक्त साठा संपला, तेव्हा आईला मी काठापर्यंत नेले होते. भेगाळलेल्या गाळात घरांचे पाये उघडे पडले होते. आपला उंबरा कोणता हे तिला ओळखता आले नव्हते. आबा मात्र पाणी भरलेले असताना तो सारा गाव बोटाने दाखवीत होते, कारण त्यांची जाळी गेली चाळीस वर्षे त्यावरच फाटत आली आहेत.

या पाण्यावर आज अनेकांचा डोळा आहे. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि त्यांची अडचण कोणालाच वाटत नाही. आता पाण्यावर तरंगते सौरविजेचे पट्टे बसविण्याची योजना आली. तिच्याविरुद्ध कहार समाजाच्या पंच कमिटीने हरित न्यायाधिकरणात आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०२५ मध्ये तेथेही ती फेटाळली गेली. वीज हवीच, हे मलाही कळते. माझ्या घरीही पंखा आहे. पण धरण होताना नदीवरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते, आणि त्याने आपल्या खर्चाने, आपल्या जिवावर, तळ्यावरचा धंदा शिकून घेतला, एवढे तरी कोठे लिहून ठेवावे म्हणून हा उद्योग.

आजोळाच्या वर पोहोचलो तेव्हा आबांनी दोर सोडला. फाळ खाली गेला, दोर सैल झाला, मग ताठ झाला. होडी थांबली. आबांनी दोराला हात लावून पाहिले आणि म्हणाले, "काळीत बसला."

पहाटे जाळे उचलले. अकरा चिलापी, दोन रोहू आणि एक शिवडा. शिवडा त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. आईने तो केला, पण स्वतः खाल्ला नाही. पंचमी की काहीतरी होती म्हणाली. दशमीच्या दुसऱ्या दिवशी पंचमी कशी, हे मी विचारले नाही.