पांढऱ्या लवेचा चहा आणि गिरणगावचा कप

मंडळी, सुरुवात लालबाग-परळच्या चहाच्या दुकानातून करू. घाऊक चहाच्या पोत्यावर इंग्रजी अक्षरं असतात. बीपी, पीडी वगैरे. त्यातला पी म्हणजे 'पेको'. शब्द चिनी आहे. फुजियान प्रांताच्या बोलीत 'पेक-हो' म्हणजे पांढरी लव, चहाच्या कोवळ्या कळीवर असते ती.

याच लवेवरून फुजियानमधल्या फुदिंगच्या पांढऱ्या चहाचं नाव पडलं, अर्थ 'पांढऱ्या लवेची रुपेरी सुई'. नुसत्या कळ्या खुडायच्या, कोमेजू द्यायच्या, वाळवायच्या. चुरगळणं नाही, भाजणं नाही. करायची रीतही तशीच सोशिक: पाणी उकळून उतरवायचं, जरा निवू द्यायचं, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर आलं की कळ्यांवर ओतायचं आणि चार-पाच मिनिटं झाकून ठेवायचं. दूध-साखर नाही. त्याच कळ्यांवर पुन्हा दोन-तीनदा पाणी ओतता येतं. आपल्याकडे कुणी त्याला 'पाणचट' म्हणेल. म्हणू दे.

आता चीनच्या चहाचा मुंबईशी संबंध काय? चहासाठी इंग्रजांना चांदी मोजावी लागे. ती वाचवायला इथून कापूस गेला, मग अफू. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची. या व्यापारातलं मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या देणगीतून भायखळ्याचं जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं, १८४५ साली. नंतर कलाशाळा, १८५७. गिरणगावातली कितीतरी माणसं त्या हॉस्पिटलात जन्मली, बरी झाली. दानत खरीच. पण त्या पैशाच्या पलीकडच्या टोकाला चिनी माणसाची चिलीम होती, हेही खरं. या दोन गोष्टी एका दमात बोलायला आपण कचरतो, म्हणून मुद्दाम बोलतोय.

पुढे इंग्रजांनी आसामात मळे लावले. १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. चांगला माल परदेशी जायचा. इथल्या माणसाला चहा पाजायचं मनावर घेतलं ते विसाव्या शतकात. १९०३ साली चहावर उपकर बसवला, त्या पैशातून जाहिरात झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापडगिरण्यांतही चहाचे ठेले लागले. थकलेला कामगार चहा पिऊन पुन्हा मागावर उभा राहतो, हे मालकांना पटायला वेळ लागला नाही.

प्रचारकांची तक्रार मात्र असायची: हे लोक पत्ती कमी घालतात, दूध फार, वर मसाला टाकून उकळतात! अहो, महाग पत्ती पुरवायची तर उकळणारच. त्यात अडाणीपणा कसला? पुढे १९३०च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. पानं चिरडून, फाडून त्यांचे दाणे करणारं. तो चहा स्वस्त, कडक, दुधाला पुरून उरणारा. आपल्या कपात आज बहुतेक तोच असतो. त्याच्या दाण्यावर लव शोधू नका, ती यंत्रातच जाते. पोत्यावरचा पी तेवढा राहिलाय.

इराण्याच्या चहाचं राहिलं. ते प्रश्नोत्तरांत घेऊ.