निळ्या फुलाचा आळ

आमच्या घरच्या अल्बममध्ये १९९६ सालचा एक फोटो आहे. परसातल्या कुंपणावर चढलेला मॉर्निंग ग्लोरीचा वेल आणि त्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली अम्मी. फुलं अगदी आभाळासारखी निळी होती. त्या जातीचं नावच मुळी ‘हेवनली ब्लू’. फोटोत मात्र ती जांभळट गुलाबी आली आहेत.

श्रोतेहो, झाडाझुडपांचं आणि छायाचित्रांचं नातं जुनं आहे. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स या बाईंनी १८४३ सालापासून समुद्रातल्या शेवाळांचे ठसे रसायन लावलेल्या कागदावर थेट उन्हात उमटवले आणि त्यांचं पुस्तक केलं. छायाचित्रांनी सजलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. कॅमेरा त्यात नव्हताच. कागद गर्द निळा, वनस्पती तेवढी पांढरी! पुढे १९३५ साली कोडाक्रोम आली आणि रंगीत फिल्मचं युग सुरू झालं.

आमच्यासारख्यांच्या घरी ते युग फार उशिरा पोचलं, आणि तेही छत्तीस फोटोंच्या हिशेबानं. ईद, कुणाचं लग्न, कुणाचा अकीका यांत तीस-बत्तीस फोटो जायचे. उरलेले चार ‘रोल संपवायला’ म्हणून फुलांवर. तुमच्या जुन्या अल्बममधले गुलाब आणि शेवंत्या पाहा, बहुतेक अशाच उरल्यासुरल्या फोटोंतल्या असतील. शिवाय साध्या कॅमेऱ्यात डोळा लावायची काच वेगळी आणि लेन्स वेगळी. जवळ जावं तर फूल अर्धं कापलेलं आणि धूसर यायचं, लांब राहावं तर नुसता ठिपका.

तर तो जांभळा फोटो घेऊन मी लॅबवाल्या काकांकडे गेलो. तावातावानं म्हणालो, “काका, रंग बिघडवलात तुम्ही.”

ते शांतपणे म्हणाले, “शायरसाहेब, फिल्मवर जे उतरलंय तेच कागदावर येणार. तरी दुसरी प्रिंट काढून देतो, पैसे देऊ नका.”

दुसऱ्या प्रिंटमध्ये त्यांनी लाल रंग कमी केला. फूल थोडं निळ्याकडे झुकलं, पण अम्मीचा चेहरा आजाऱ्यासारखा हिरवट पडला. मी ती प्रिंट काउंटरवर टाकून निघून आलो आणि पुढे गावभर सांगत राहिलो की, त्या लॅबमध्ये फोटो धुवायला देऊ नका. कवीचं बरं असतं, ‘निळा’ असा शब्द लिहिला की त्याचं काम झालं. १९९९ साली अम्मी गेली. वेल मात्र गळलेल्या बियांतून दर पावसाळ्यात उगवत राहिला.

२००४ साली मी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेतला. त्यावर ट्यूलिपच्या फुलाचं चिन्ह असलेलं बटण होतं. जवळच्या फोटोची खूण म्हणून साऱ्या जगानं फूलच निवडलं, याचं मला कौतुक वाटलं. पाठीमागच्या पडद्यावर लेन्सला दिसेल तेच दिसायचं. हा पडदा सामान्य ग्राहकाच्या कॅमेऱ्यावर पहिल्यांदा आणला कॅसिओनं, १९९५ साली. १९९९च्या निकॉन कूलपिक्स ९५० ची लेन्स तर फुलापासून अवघ्या दोन सेंटिमीटरवर नेता यायची. आतला सेन्सर नखाएवढा असल्यामुळे या छोट्या कॅमेऱ्यांत पाकळीपासून परागापर्यंत बरंच काही स्पष्ट येतं.

पहिल्याच सकाळी वेलाचा फोटो काढला. निळा! मग मात्र मी शोध घेऊ लागलो. कळलं ते असं : काही निळ्या फुलांच्या पाकळ्या लाल रंगाच्या अगदी टोकाचा प्रकाशही परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण फिल्मच्या लाल थराला दिसतो. निळ्यात लाल मिसळलं की जांभळं. छायाचित्रकार याला एजरेटम नावाच्या फुलावरून ‘एजरेटम इफेक्ट’ म्हणतात. डिजिटल सेन्सरपुढे हा पलीकडचा प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून तिथे निळं फूल बऱ्याच अंशी निळं राहतं.

डिजिटलची खोड वेगळी. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक निळा आणि एकच लाल असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी या रचनेचं पेटंट १९७६ साली घेतलं. भर उन्हात लाल जास्वंद टिपली की तो लाल ठिपका काठोकाठ भरतो, पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात आणि उरतो शेंदराचा गोळा. उजेड एक पायरी कमी करून घेतला तर शिरा परत येतात. फिल्मनं आमच्या जास्वंदीला कधी असा त्रास दिल्याचं आठवत नाही.

कोडाक्रोम २००९ साली बंद झाली आणि २०१२च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या गावातली ती लॅब त्याआधीच मिटली होती. काकांना मी घरी जाऊन भेटलो. अल्बम समोर ठेवला, फिल्मचं सगळं सांगितलं, माफी मागितली.

काका बराच वेळ अम्मीच्या फोटोकडे बघत होते. मग म्हणाले, “मलाही ठाऊक नव्हतं हो हे. तुम्ही गेलात, आणि मी त्या आठवड्यात दोनदा केमिकल बदललं.”