न्हाणीमागची कर्दळ

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर हा घ्या वाचायला.

रत्नागिरीत आजीच्या घरी न्हाणीचं पाणी छोट्या पाटाने परसात जायचं. तिथे अळू, कर्दळ, दोन केळी, पुढे एक माड. मला वाटायचं, ही आपोआप उगवलीत. नंतर कळलं, पाणी मुरावं, डबकं होऊ नये म्हणून मुद्दाम लावलेली.

१९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्याकाठच्या लव्हाळ्यासारख्या वनस्पती सांडपाणी साफ करतात का, यावर प्रयोग केले. पुढे आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ने फायटोरिड ही पद्धत काढली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमध्ये ती बसवली गेली. आधी गाळ खाली बसतो, मग पाणी खडीच्या थरातून हळूहळू सरकतं. वर कर्दळ, पाणकणीस. गंमत म्हणजे बरंचसं काम झाडं करतच नाहीत! खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू घाण खातात. झाडं त्यांना थोडा ऑक्सिजन पुरवतात. हे पाणी फ्लशला, बागेला चालतं. प्यायला नाही.

आजीकडे खडीचा थर नव्हता. पण एक महत्त्वाची गोष्ट होती: न्हाणीचं पाणी वेगळं, संडास वेगळा.

थांबा, लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. त्या काळी गावोगावचे संडास जातीच्या नावाखाली माणसांकडून हाताने साफ करून घेतले जायचे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी ते काम आपल्याला द्या, असा आग्रह धरला. नकार मिळाला, तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं.

फ्लश आला, पाईप आला, ते चांगलंच झालं. पण त्याच पाईपात आपण आंघोळीचं पाणीही सोडून दिलं.

आमच्या बिल्डिंगमध्येही एकच पाईप. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात टँकर! मीटिंगमध्ये मी विषय काढला. एक काका म्हणाले, “अरे, सगळ्यांच्या भिंती फोडाव्या लागतील. आता कोण करणार?” बरोबर होतं त्यांचं. कोडमध्ये सुरुवातीचा चुकलेला निर्णय शेवटी दुरुस्त करायला किती महाग पडतो, हे मला रोज ऑफिसात दिसतं.

म्हणून फ्लॅट बुक करायला जाल, तेव्हा पार्किंगच्या आधी एक विचारा: न्हाणीचा पाईप वेगळा आहे का? कर्दळ नंतरही लावता येईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!