प्रवाळबेटांवरील मृदा

प्रवाळ, शंखशिंपले, चुनखडीयुक्त शैवले व फोरॅमिनीफेरा यांच्या अवशेषांचा लाटांच्या माऱ्याने चुरा होऊन साचलेल्या वाळूगोट्यांपासून बनणारी मृदा. मार्शल बेटे, किरिबाटी, तुवालू, मालदीव व लक्षद्वीप येथील कंकणद्वीपांवर ती आढळते. मूळचा ज्वालामुखी खडक चुनखडीखाली खोल गाडला गेल्याने या मृदेत चिकणमाती जवळपास नसते.

रासायनिक गुणधर्म : मृदेचा बहुतांश भाग कॅल्शियम कार्बोनेटाचा असून सामू साधारणतः ८ ते ९ असतो. पाणी व पोषक धनायने धरून ठेवण्याचे काम जवळजवळ एकट्या सेंद्रिय पदार्थाकडे येते. तो वरच्या पातळ काळपट थरातच असतो. झाडी तोडून पालापाचोळा जाळल्यास जमिनीचा कस लवकर उतरतो.

पोषकद्रव्यांची उपलब्धता : नत्राचा मुख्य साठा सेंद्रिय पदार्थातच असतो. स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. लोह, मंगल, जस्त व तांबे जास्त सामूमुळे विरघळत नाहीत. लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पालाश मुळातच अत्यल्प असते.

जेमो मृदा : एफ. आर. फॉसबर्ग यांनी १९५४ मध्ये उत्तर मार्शल बेटांवरील या मृदेचे वर्णन केले. पिसोनिया ग्रँडिस वृक्षांखालील आम्लधर्मी पाचोळ्यातून झिरपणारे पाणी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतील फॉस्फेट खाली नेते. चुनखडी वाळूत ते साक्याच्या रूपात बसून कठीण थर बनतो.

पारंपरिक शेती : किरिबाटीत गोड्या भूजलापर्यंत खड्डे खणून त्यांत बाबाई हे अळूच्या कुळातील कंदपीक घेतात. रोपांभोवती पाने व काळी माती भरून कुजवतात. जमिनीत जे नाही ते असे बाहेरून पुरवले जाते.

किरणोत्सर्गी सीझियम : १ मार्च १९५४ च्या ‘कॅसल ब्राव्हो’ अणुचाचणीने मार्शल बेटांतील बिकिनी बेट दूषित झाले. सीझियम–१३७ रासायनिकदृष्ट्या पालाशासारखे वागते. त्याला घट्ट धरणारी चिकणमाती नाही आणि पालाशही तुटपुंजे, त्यामुळे नारळाची मुळे ते सहज शोषतात. म्हणून चाचण्यांसाठी हलवलेल्या व नंतर बेटावर परतलेल्या रहिवाशांना १९७८ मध्ये पुन्हा हलवावे लागले. पुढील प्रयोगांत पालाशयुक्त खत दिल्यावर नारळातील सीझियमचे प्रमाण बरेच घटले.