मानेतली पकड

जालना म्हटले की लोखंडी सळई आठवते. तिथल्या काही शिक्षकांशी मणक्यांविषयी बोलत असताना एका गुरुजींनी आम्हाला विचारले, "मानेत बसवतात ती सळई आमच्याकडचीच का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बांधकामाची सळई शरीरातील खारट द्रवात गंजेल. शस्त्रक्रियेच्या पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते; त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर गंज रोखतो. आता बहुधा टायटॅनियम वापरतात. एमआरआयच्या चित्रात त्याचा अडथळा कमी होतो.

पण धातू मिळाला म्हणून काम भागत नाही. पकड कुठे घ्यायची?

१८९१ साली टेक्सासमध्ये बर्थोल्ड हाड्रा यांनी मानेच्या मोडलेल्या मणक्यांची मागची टोके चांदीच्या तारेने बांधली. पुढे पोलादी तार आली, तरी बांधणे मागूनच. सर्वांत अवघड जागा वरच्या दोन मणक्यांची. विद्यार्थ्यांना 'नाही' अशी मान हलवायला सांगा. मानेचे जवळजवळ निम्मे वळणे याच जोडीत होते. दुसऱ्या मणक्याची खुंटी पहिल्याच्या कड्यात असते. ती निसटली तर मज्जारज्जू चेपतो, हातपाय लुळे पडतात, श्वासही अडू शकतो. तारेने हे वळणे पुरेसे थांबत नसे, आणि हलत्या हाडांचा सांधा जुळत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून वेगळी वाट धरली. दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या जाड भागांत स्क्रू बसवायचे, प्रत्येक बाजूचे दोन स्क्रू पट्टीने जोडायचे, सांध्यातली कूर्चा खरवडून तिथे रुग्णाच्याच हाडाचे तुकडे भरायचे. मेंदूला रक्त नेणारी धमनी अगदी शेजारून जाते, म्हणजे हात चुकून चालत नाही. हे काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी सळई आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरले. २००२ मध्ये गोयल व सहकाऱ्यांनी १६० रुग्णांचा अनुभव मांडला. आज या पद्धतीला गोयल-हार्म्स म्हणतात. काही जण नुसतेच हार्म्स म्हणतात, ते आम्हाला पटत नाही.

गुरुजींना आणखी एक सांगायचे राहिले. ही सळई जन्मभर भार पेलण्यासाठी नसते. हाड जुळेपर्यंत, काही महिने, तिने मान स्थिर धरायची. त्यानंतर भार हाडच घेते. वळणे मात्र गेलेले असते. बरा झालेला रुग्ण मागून हाक आली की खांद्यांसकट वळतो.