बरेच दिवस बंद असलेलं बोटीचं इंजिन आयडलला का बंद पडतं? काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

मालवणला माझ्या मामांची छोटी बोट आहे. तिचं फ्युएल इंजेक्शनवालं पेट्रोल आउटबोर्ड इंजिन दोन पावसाळे झाकून ठेवलेलं होतं. सुरू केलं तर रेस दिल्यावर मस्त चाले, पण थ्रॉटल सोडला की फुरफुरून बंद! मी लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मामा म्हणाले, "थांब. जेटीक लावताना इंजिन बंद पडला तर लाट कोणाची वाट बघत नाय. आधी कारण शोध."

फक्त आयडललाच त्रास का?
आयडलला इंजेक्टर अगदी थोडं पेट्रोल सोडतो. त्यात जरासा चिकट थर बसला, तरी मिश्रण बिघडतं. जास्त आरपीएमला हीच चूक झाकली जाते.

सुरुवातीला एवढं करा
बोट पाण्यात ठेवा किंवा इंजिनला फ्लशिंग मफने पाणी द्या. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर काही क्षणांत खराब होतो. पेट्रोल काढताना जागा मोकळी हवी, आणि जवळ विडी-सिगारेट, ठिणगी किंवा फोन नको. खोलण्याआधी नळ्या-वायरींचे फोटो मात्र काढून ठेवा.

तपासणीचा क्रम
१. पेट्रोल: थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की तळाशी वेगळा थर दिसतो. मग वेगळ्या कॅनमधल्या ताज्या पेट्रोलवर चालवून बघा. फरक पडला, तर दोष जुन्या पेट्रोलमध्ये किंवा टाकीत.

२. बॅटरी: पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. व्होल्टेज कमी असेल तर पेट्रोल पंप आणि ईसीयू नीट काम करत नाहीत. टर्मिनलवरचा गंजही साफ करा.

३. प्रायमर बल्ब: आयडलला बल्ब दाबल्यावर इंजिन सुधारलं, तर हवा आत येतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. टाकीच्या झाकणाचा व्हेंट उघडा आहे ना, तेही बघा.

४. फिल्टर: पाणी वेगळं करणारा फिल्टर बदला. इंजिनमधल्या व्हेपर सेपरेटरच्या छोट्या टाकीतही जुनं पेट्रोल राहतं, तेही काढा.

५. प्लग आणि हवा: प्लग काढून बघा. थ्रॉटल बॉडी आणि आयडल हवेचा मार्ग स्वच्छ करा.

६. इंजेक्टर: एवढं करूनही फरक नाही, तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक सफाईला द्या.

आमच्या इंजिनचं काय झालं? बाटलीत तळाशी थर दिसला. टाकी धुतली, फिल्टर बदलला, व्हेपर सेपरेटर रिकामा केला, आणि इंजिन आयडलला शांत झालं. थ्रॉटलच्या स्क्रूला हातही लावावा लागला नाही.

शेवटचं सांगतो: आयडल बिघडलं म्हणून थ्रॉटलचा स्क्रू फिरवून आरपीएम वाढवू नका. खरा दोष लपतो, आणि तो नेमका लाटांत डोकं वर काढतो.