तिसरी रात्र, अकरावा तास

माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते, त्याआधी महिनाभर गावात एकच विषय असतो. टँकर किती लागणार, शौचालयांची सोय झाली का, पालखीतळावर मुरूम पडला का. काम राहिलं म्हणून पालखी एक दिवस पुढं ढकलली, असं कधी होत नाही. आषाढीला पंढरपूर गाठायचं, म्हणजे बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा हिशोब ठरलेला. तारीख आधी, तयारी तिच्या मागं धावत. आपल्या भागातल्या माणसाच्या हाडातच हे मुरलंय.

म्हणूनच असेल, गगनयानाची तारीख लांबली की आपल्या ग्रुपवर लगेच हसऱ्या इमोजी पडायला लागतात. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून २०२२ चं साल सांगितलं होतं. मध्ये कोविड आला. मग एकेक वर्ष पुढं सरकत आता माणसांसह पहिलं उड्डाण २०२७ मध्ये म्हणतात. खरं सांगतो, 'गगनयान पुन्हा लांबणीवर' असा चावरा मथळा मीही एकदा दिलाय. आज त्याच मथळ्याची दुसरी बाजू लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या घराजवळचा आहे.

घराजवळचा कसा? नीरा नदी ओलांडून इंदापूर तालुक्यात शिरलं की वालचंदनगर. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वसवलेलं हे गाव. याच माणसानं १९४० साली बंगळुरूला विमानांचा कारखाना सुरू केला, तोच आजचा एचएएल. साखर कारखान्याची यंत्रं घडवणारं वालचंदनगर पुढं इस्रोसाठी रॉकेटचे भाग घडवायला लागलं. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी ज्या रॉकेटनं उचललं, त्याच्या बाजूच्या दोन जाडजूड बूस्टरचे भाग इथं बनलेत. गगनयानही त्याच जातीच्या रॉकेटवरून जाणार आहे.

या बूस्टरचं नाव एस-२००. व्यास ३.२ मीटर, म्हणजे आत माणूस हात पसरून उभा राहील. पोटात दोनशे टनांवर घन इंधन. एवढं मोठं नळकांडं एकसंध बनवत नाहीत. खास पोलादाचे तीन भाग वेगवेगळे घडवतात. पत्रा वळवायचा, वेल्डिंग करायचं, त्या वेल्डिंगची क्ष-किरण तपासणी करायची, दाब देऊन बघायचं. मग श्रीहरिकोट्याला इंधन भरून एकावर एक चढवायचे. माणसं बसणार म्हणून सांधे, आतलं उष्णतारोधक अस्तर आणि पेटवण्याची यंत्रणा या सगळ्यांत इस्रोनं जादा सुरक्षा घातली. १३ मे २०२२ रोजी हा सुधारित बूस्टर जमिनीवर बांधून १३५ सेकंद जाळून पाहिला. जवळपास ७०० ठिकाणची मोजमापं घेतली.

एवढा आटापिटा का, तर घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. आणि दोन भाग जोडतात तो सांधा किती घातक ठरू शकतो, हे जगानं २८ जानेवारी १९८६ ला पाहिलं.

चॅलेंजरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. थंडीत रबरी कडं आखडलं, उजव्या बूस्टरच्या सांध्यातून ज्वाळा बाहेर आली, ७३ व्या सेकंदाला सात जण गेले. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्री 'एवढ्या थंडीत सोडू नका' म्हणत होते. त्यांच्याच साहेबांनी शेवटी होकार दिला. हे सगळं पुस्तकांत आहे, सिनेमांत आहे.

पण त्याच्या तीन आठवडे आधी जे घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

६ जानेवारी १९८६. कोलंबिया यान उड्डाणतळावर उभं, आत सात माणसं. हे उड्डाण डिसेंबरपासून पुढं पुढं जात होतं. मोजणी चालू असताना नियंत्रण कक्षातल्या कामगारांच्या हातून एक क्रम चुकला आणि टाकीतला सुमारे १८ हजार पौंड, म्हणजे आठ टन द्रवरूप ऑक्सिजन बाहेर वाहून गेला. नेमकं काय झालंय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इंजिनाकडं जाणाऱ्या ऑक्सिजनचं तापमान मर्यादेखाली गेलं म्हणून मोजणी थांबली, तेव्हा उरले होते ३१ सेकंद. नाहीतर कमी ऑक्सिजन घेऊनच यान सुटलं असतं. आत बसलेल्या सातांपैकी चार्ल्स बोल्डन आणि बिल नेल्सन पुढं नासाचे प्रमुख झाले.

चॅलेंजरनंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगानं हे प्रकरणही उकरलं. आपल्याकडं काय झालं असतं? 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा', दोन निलंबित, फाईल बंद. आयोगानं हजेरी मागवली. ती माणसं बारा तासांच्या रात्रपाळीवर होती. पाळीचा अकरावा तास चालू होता. आणि सलग तिसरी रात्र होती.

ती तिसरी रात्र आली कुठून? वेळापत्रकातून. १९८५ मध्ये शटलची नऊ उड्डाणं झाली होती. नासाला १९९० पर्यंत वर्षाला २४ करायची होती. सुटे भाग पुरत नव्हते, एका यानाचे काढून दुसऱ्याला बसवत होते. माणसं तेवढीच, काम दुप्पट. उरलेली कसर ओव्हरटाइमनं भरायची. आणि उड्डाण एकदा रद्द झालं की सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे त्याच माणसांना आणखी एक जागरण. झोप मोडल्यानं निर्णय चुकतात, हे आयोगानं कामगारांबरोबर साहेबांच्याही बाबतीत लिहिलं.

शिकलो म्हणावं तर १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया कोसळलं, आपली कल्पना चावला गेली. तिथल्या चौकशीत निघालं की अंतराळ स्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४ लाच पाठवायचा म्हणून अधिकाऱ्यांच्या संगणकावर उलटी मोजणी करणारा स्क्रीनसेव्हर लावला होता. दिवस, तास, मिनिटं, सेकंद. यान पाडलं फोमच्या तुकड्यानं, पण तारखेचं ओझं सगळ्यांच्या डोक्यावर होतं.

आणि उड्डाणात गेलेल्यांची नावं तरी राहतात, तयारीत गेलेल्यांची राहत नाहीत. १९ मार्च १९८१ ला पहिल्या शटलच्या सरावावेळी नायट्रोजन भरलेल्या कप्प्यात तंत्रज्ञ शिरले, दोघांचा जीव गेला. २३ फेब्रुवारी २००४ ला आपल्या श्रीहरिकोट्यात घन इंधनाच्या कामात स्फोट झाला, सहा जण गेले.

आता माझी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वीची, कारखान्याचं नाव सांगत नाही. गळीत हंगाम सुरू व्हायचा होता. मोळी टाकायला मोठे पाहुणे येणार म्हणून तारीख ठरली, पत्रिका वाटल्या, मंडप पडला. बॉयलरच्या दुरुस्तीचं काम मात्र उरलेलं. शेवटच्या रात्री एका फिटरला वाफेनं भाजलं. मी दवाखान्यात गेलो, साहेबांना फोन केला आणि चार ओळींची बातमी दिली. त्यात लिहिलं, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे'. साहेब म्हणाले तेच.

पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोनं मला बाजारात अडवलं. म्हणाली, "भाऊ, तीन रात्री घरी नव्हते ओ ते. तेवढं का नाही लिहिलं?"

मी विचारलंच नव्हतं. अपघाताच्या बातमीत मी वय विचारतो, गाव विचारतो, मुलं किती विचारतो. 'किती तास कामावर होता' हे विचारायचं मला डिप्लोमात कुणी शिकवलं नाही, आणि त्या बाईनं शिकवेपर्यंत सुचलंही नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ३ सप्टेंबर २०२५ चा आपल्या राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय. कारखान्यात दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४. सरकार म्हणतं, आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, कामगाराची लेखी संमती लागेल, जादा कामाचे जादा पैसे मिळतील, गुंतवणूक येईल. गुंतवणूक हवीच, आपली पोरं पुण्याला खोल्या करून राहतात ती हौसेनं नाही. पण कंत्राटावरचा पोरगा संमतीच्या कागदावर 'नाही' लिहू शकतो का, हे तुम्हीच सांगा. आणि बारा तासांच्या पाळीचा अकरावा तास कसा असतो, हे नासासारख्या संस्थेच्या खर्चानं जगाला आधीच कळलंय.

म्हणून गगनयान लांबतंय याची मला आता लाज वाटत नाही. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत पाच सेकंद उरले असताना संगणकानं उड्डाण रोखलं. दोष शोधून त्याच दिवशी दहा वाजता यशस्वी करून दाखवलं. शुभांशू शुक्ला यांचं ११ जून २०२५ चं उड्डाण ऑक्सिजनच्या गळतीमुळं थांबलं, ते २५ जूनला गेले आणि सुखरूप परत आले. थांबता येणं हीसुद्धा तयारीच आहे. फक्त, थांबल्यानंतरचा वेळ माणसांच्या झोपेतून वसूल होऊ नये.

पालखीची तिथी हलत नाही हे खरं. पण त्या वाटेवरही विसावे ठरलेले असतात. कुणी वारकऱ्याला तीन रात्री सलग चालवत नाही.

आपल्या घरातलं कुणी कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, बॉयलरवर असेल तर आज रात्री एवढंच विचारा, सलग कितवी पाळी? उत्तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त तास लिहा. पुढची बातमी मी तिथून सुरू करतो.